तिकिटात ५२, फिल्टरमध्ये ३६: एका जिरा स्क्रिप्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातली एक मध्यम आकाराची सॉफ्टवेअर सेवा कंपनी. एका परदेशी ग्राहकासाठी ती जुनी प्रणाली सांभाळते आणि त्यात लहान-मोठे बदल करून देते. ग्राहकाची प्रत्येक बदल-विनंती जिरा या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक तिकीट म्हणून नोंदली जाते, त्याखाली सब-टास्क (छोटी उपकामं) पडतात आणि प्रत्येक सब-टास्कवर 'अंदाजे तास' हे आकड्याचं फील्ड असतं. मुख्य तिकिटावर 'एकूण तास' नावाचं फील्ड आहे. ते कुणी हाताने भरायचं नाही. सब-टास्कची बेरीज करून एक स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) ते भरते. कुणी चुकून हात लावू नये म्हणून हे फील्ड संपादनाच्या स्क्रीनवर ठेवलेलंच नव्हतं. व्यवस्था चांगली होती, पुढे तिचा संबंध येणार आहे.

करारात एक कलम होतं: ज्या विनंतीचे एकूण तास ४० पेक्षा जास्त होतील, तिचं काम ग्राहकाच्या लेखी मंजुरीशिवाय सुरू करायचं नाही. त्यासाठी 'एकूण तास > ४०' असं सेव्ह केलेलं फिल्टर होतं. दर सोमवारी त्यातली यादी ग्राहकाकडे जायची. म्हणजे ही बेरीज नुसती माहितीपुरती नव्हती, तिच्यावर पैसे अवलंबून होते.

जिरा डेटा सेंटर आवृत्ती, कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर. स्क्रिप्ट ग्रूव्ही भाषेत, स्क्रिप्टरनर या अ‍ॅडऑनमधल्या लिसनरच्या रूपात. 'इश्यू अपडेटेड' (तिकीट बदललं) हा इव्हेंट, म्हणजे जिराने आतल्या आत दिलेली सूचना, आला की लिसनर जागा होतो, सब-टास्क असेल तर तिचं मुख्य तिकीट शोधतो, मुख्य तिकीट असेल तर तेच घेतो, बेरीज करतो आणि फील्डमध्ये लिहितो. लिहिणारा डेव्हलपर कंपनी सोडून गेलेला. मी बाहेरून, तपासणीसाठी बोलावलेला माणूस. मी पोहोचलो तेव्हा प्रकरणाचे दोन अंक होऊन गेले होते.

प्रश्न कसा उघड झाला

बिलिंग पाहणाऱ्या मॅडमना एका विनंतीचे ५२ तास दिसले आणि मंजुरीची नोंद मात्र कुठेच सापडेना. त्यांनी प्रोजेक्ट मॅनेजरला विचारलं, "ही सोमवारच्या यादीत होती का?" नव्हती. काम अर्ध्याहून पुढे गेलं होतं.

मॅनेजरने उलट फिल्टर लावून पाहिलं, 'एकूण तास <= ४०'. त्यात हे तिकीट हजर. आणि त्या यादीतल्या 'एकूण तास' या रकान्यात त्याच्यापुढे स्वच्छ ५२ लिहिलेलं. चाळीसपेक्षा कमी तासांच्या यादीत बावन्न तासांचं तिकीट! या एका स्क्रीनशॉटमध्ये खरं तर पूर्ण निदान होतं, पण ते त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांना दिसली ती एकच गोष्ट: "बेरजेत गोंधळ आहे."

मग बेरीज तपासली गेली. सब-टास्क हाताने मोजल्या, स्क्रिप्ट ओळीओळीने वाचली. बेरीज बरोबर होती. टीम लीडने स्क्रिप्टमध्ये ठिकठिकाणी 'लॉग डॉट इन्फो' (लॉगमध्ये संदेश लिहिणारी ओळ) टाकलं आणि सब-टास्क बदलून पाहिली. लॉगमध्ये एक अक्षर उमटलं नाही. निष्कर्ष निघाला की स्क्रिप्ट चालतच नाही. वास्तविक स्क्रिप्टरनरमध्ये मुळात 'वॉर्न' (इशारा) आणि त्यावरच्या पातळीचेच संदेश उमटतात. 'इन्फो' हवं असेल तर स्क्रिप्टमध्ये पातळी बदलून द्यावी लागते. एवढी एक गोष्ट माहीत नसल्याने चांगल्या चालणाऱ्या स्क्रिप्टवर ती बंद असल्याचा शिक्का बसला, आणि तपास इव्हेंट, लायसन्स, सर्व्हरची मेमरी अशा भलत्याच वाटांनी भरकटला.

शेवटी अ‍ॅडमिनने सवयीचा उपाय केला. रात्री जिराचं पूर्ण री-इंडेक्स चालवलं, म्हणजे शोधासाठीची सूची नव्याने बांधली. सकाळी सगळी फिल्टरं बरोबर. तिकीट बंद. काही दिवसांतच नवी तिकिटं पुन्हा चुकीच्या यादीत दिसू लागली.

मूळ कारण

जिरामध्ये 'फील्डला किंमत दिली' हे एक वाक्य असलं तरी त्यात चार वेगवेगळी कामं असतात. किंमत डेटाबेसमध्ये जाते. शोधासाठीच्या ल्यूसीन इंडेक्समध्ये (सूचीत) तिची नोंद होते. तिकिटाच्या हिस्टरीमध्ये कुणी, कधी, किती वरून किती केलं हे उमटतं. आणि इव्हेंट सुटतो, ज्यावर मेल, वेबहुक (दुसऱ्या प्रणालीला आपोआप जाणारी सूचना) आणि इतर लिसनर अवलंबून असतात. माणूस स्क्रीनवरून बदल करतो तेव्हा ही चारही कामं आपोआप होतात. स्क्रिप्टमधून केल्यावर कोणती होतील हे कोणती मेथड (तयार आज्ञा) वापरली यावर ठरतं.

या स्क्रिप्टमध्ये कस्टम (स्वतः बनवलेल्या) फील्डवरची 'अपडेटव्हॅल्यू' ही मेथड होती. ती फक्त पहिलं काम करते. इंडेक्स, हिस्टरी, इव्हेंट, तिन्हींना पत्ता नसतो. तिकीट उघडलं की किंमत डेटाबेसमधून येते, म्हणून ५२ दिसतं. जेक्यूएल या जिराच्या शोधभाषेतली अट, म्हणजे फिल्टर, मात्र इंडेक्सवर तपासली जाते आणि तिथे जुनं ३६ च असतं. यादीतलं तिकीट निवडलं जातं इंडेक्सवरून, पण त्याच्या रकान्यातला आकडा येतो डेटाबेसमधून. म्हणून तो विचित्र स्क्रीनशॉट. खरेदीखत नोंदवून झालं, पण फेरफार न झाल्यामुळे सातबाऱ्यावर जुनंच नाव, असा हा प्रकार. आणि सोमवारची यादी सातबारा पाहून निघत होती.

मग वर्षभर हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही? कारण मुख्य तिकिटावर कुणी काहीही केलं, नुसती कमेंट टाकली तरी, ते तिकीट नव्याने इंडेक्स होतं आणि सगळं जागेवर येतं. आधी प्रत्येक विनंतीवर भरपूर चर्चा मुख्य तिकिटावरच व्हायची. मग टीमने चर्चा सब-टास्कवर करायचं ठरवलं. दोष जुनाच होता, झाकण निघालं.

मधला अंक: मेलची रात्र

पूर्ण री-इंडेक्सने प्रश्न तात्पुरता सुटतो, त्या अर्थी गडबड इंडेक्सची आहे, इथपर्यंत टीम आपली आपण पोहोचली होती. एका डेव्हलपरने शोधून काढलं की 'इश्यूमॅनेजर'वरची 'अपडेटइश्यू' मेथड चारही कामं करते. त्याने ती वापरली, इव्हेंट चालू ठेवला, मेल पाठवण्याचा पर्यायही 'हो' ठेवला. शिवाय तपासाला सोपं जावं म्हणून एक नवीन फील्ड जोडलं: 'बेरजेची वेळ'. स्क्रिप्ट चालली की त्या क्षणाची वेळ तिथे पडणार.

कल्पना वाईट नव्हती, पण आता साखळी पाहा. सब-टास्क बदलली, लिसनर चालला, मुख्य तिकीट अपडेट झालं. त्या अपडेटचा 'इश्यू अपडेटेड' इव्हेंट सुटला. लिसनर त्यावरही जागा होतो, कारण मूळ स्क्रिप्ट मुख्य तिकिटासाठीही बेरीज करायची. पुन्हा अपडेट, पुन्हा इव्हेंट. फक्त 'एकूण तास' असते तर दुसऱ्या फेरीत किंमत तीच राहिली असती, काही बदललंच नाही म्हणून चक्र आपसूक थांबलं असतं. 'बेरजेची वेळ' मात्र दर फेरीला नवी. तपासासाठी टाकलेल्या फील्डनेच न थांबणारं चक्र तयार केलं.

सब-टास्क सेव्ह करणाऱ्याच्या स्क्रीनवर चाक फिरत राहिलं. तिकडे वॉचर (तिकिटावर लक्ष ठेवणारे) म्हणून जोडलेल्या सगळ्यांना मेलवर मेल, त्यात ग्राहकाची माणसंही. अ‍ॅडमिनला फोन गेला तेव्हा त्याच्यापुढे पहिला खरा निर्णय आला: आधी बाहेर जाणारे सगळे मेल बंद करायचे की लिसनर? जिरामध्ये दोन्ही काही क्लिकवर असतात. त्याने लिसनर आधी बंद केला आणि ते योग्यच होतं. मेल आधी बंद केले असते तर लक्षण दिसेनासं झालं असतं, चक्र आतल्या आत चालू राहून हिस्टरी फुगत राहिली असती, आणि दुसऱ्या प्रकल्पांचे कामाचे मेलही अडकले असते. लिसनर थांबल्यावर रांगेत उरलेले मेल जाईपर्यंत त्याने वाट पाहिली.

हिस्टरीत आणखी एक कटकट उरली. स्क्रिप्ट 'लॉग-इन असलेल्या' माणसाच्या नावाने लिहीत होती. त्यामुळे मुख्य तिकिटाच्या हिस्टरीत ज्या बिचाऱ्याने सब-टास्कमध्ये एक आकडा बदलला त्याचं नाव ओळीने उमटलं होतं. ग्राहकाच्या मॅनेजरने त्यालाच थेट विचारलं की हे काय चालवलंय.

पर्याय

दुसऱ्या दिवसापासून स्क्रिप्ट बंद आणि बेरीज हाताने, अशी स्थिती. मी या टप्प्यावर आलो. टेबलावर पाच पर्याय होते.

रोज रात्री पूर्ण री-इंडेक्स. हा अ‍ॅडमिनचा आवडता, कारण त्यात स्क्रिप्टला हात लावायचा नव्हता. पण दिवसभर यादी शिळी राहणार, आणि तिकिटं वाढली की री-इंडेक्सचा वेळही वाढणार. यावर फार वेळ घालवला नाही.

किंमत साठवायचीच नाही, स्क्रिप्टेड फील्ड वापरून, तिकीट पाहताना मोजायची. ऐकायला हा सगळ्यात देखणा पर्याय. लिहिणंच नाही, मग चुकीचं लिहिणं कुठून? यात एक सापळा आहे आणि तो अनुभवी लोकांनाही चकवतो. स्क्रिप्टेड फील्ड तिकीट उघडताना ताजं दिसतं, पण जेक्यूएलसाठी त्याची किंमत ते तिकीट इंडेक्स होताना मोजलेली असते. सब-टास्क बदलली म्हणून मुख्य तिकीट काही आपोआप इंडेक्स होत नाही. म्हणजे तिकिटात ५२, फिल्टरमध्ये ३६, जसंच्या तसं. एवढी मेहनत करून आपण पुन्हा होतो तिथेच.

जिराचं ऑटोमेशन. स्क्रिप्ट काढून टाकायची, नियम लिहायचा. सब-टास्कची बेरीज त्यात करता येते आणि एका नियमाच्या कृतीने दुसरा नियम सुटू नये ही काळजी तिथे मुळातच घेतलेली असते. तशी परवानगी वेगळी द्यावी लागते. चक्राचा धोका त्यामुळे बराच कमी. माझं मत विचाराल तर लहान टीमसाठी हाच पर्याय चांगला. इथे तो नाकारला गेला तो तांत्रिक कारणाने नव्हे. ग्राहकाच्या ऑडिटची अट होती की पैशांशी संबंधित गणिताचा कोड गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) असावा आणि दुसऱ्या माणसाने तो तपासलेला असावा. प्रकल्पाचा अ‍ॅडमिन स्क्रीनवर जाऊन बदलू शकेल असा नियम त्यात बसत नव्हता.

'अपडेटव्हॅल्यू' तशीच ठेवायची आणि पुढच्याच ओळीत त्या एका तिकिटाचं री-इंडेक्स करायचं. दोन-तीन ओळींचा बदल, मेल नाही, चक्र नाही. टीम लीडला हाच हवा होता. मी एकच प्रश्न विचारला: ३८ तासांची विनंती ४४ ची कधी झाली, हे ग्राहकाने विचारलं तर दाखवणार काय? हिस्टरी नसेल तर उत्तर नाही, आणि वाद नेमका ४० च्या रेषेवरच होणार. पैशांशी संबंध नसलेल्या फील्डसाठी मी हा पर्याय बिनदिक्कत घेतला असता.

उरली 'अपडेटइश्यू'. तीच, जिने रात्र जागवली होती. तिच्यात पुन्हा दोन वाटा: इव्हेंट सोडायचा की नाही.

निर्णय

बैठकीत सगळ्यांचा कल 'इव्हेंट सोडूच नका' याकडे होता. 'डू नॉट डिस्पॅच' दिलं की मेल नाहीत, चक्र नाही. अ‍ॅडमिन म्हणाला, "सर, एकदा भाजलंय. आता शांतपणे चालू दे." त्याचं म्हणणं समजण्यासारखं होतं. पण इव्हेंट न सोडण्याची किंमत मोजून पाहिली तर ती मोठी निघाली. एक म्हणजे इव्हेंट नाही तर आपोआप इंडेक्सही नाही. ते पुन्हा हाताने करावं लागतं, ती ओळ विसरली की मूळ आजार परत. दुसरी गोष्ट कुणाच्या डोक्यातच नव्हती. या प्रकल्पावर एक वेबहुक होता, जो प्रत्येक अपडेटची बातमी ग्राहकाच्या अहवाल-प्रणालीला द्यायचा. वेबहुक इव्हेंटवर चालतो. म्हणजे जुन्या 'अपडेटव्हॅल्यू'च्या काळात आपली फिल्टरंच नव्हे, ग्राहकाच्या बाजूचे आकडेही शिळे राहत होते, आणि 'डू नॉट डिस्पॅच'ने ते तसेच राहिले असते.

म्हणून ठरलं: इव्हेंट सोडायचा, मेल पाठवायचा नाही. अपडेटइश्यूमध्ये हे दोन्ही वेगवेगळे ठरवता येतात. मेलच्या रात्री दोन्ही 'हो' होते एवढंच. चक्र अडवण्यासाठी स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच तीन अटी घातल्या. इव्हेंट सब-टास्कचा नसेल तर परत फिर. बदल करणारा स्क्रिप्टचं खास खातं असेल तर परत फिर. आणि नवी बेरीज जुन्या किमतीएवढीच असेल तर काही लिहू नकोस. तिन्ही कशाला, एक पुरेशी नाही का, असा प्रश्न आला. आज पुरेशी आहे. उद्या कुणी पहिली अट काढून विनंत्यांच्याही वर 'एपिक'पर्यंत (अनेक विनंत्या सामावणाऱ्या मोठ्या तिकिटापर्यंत) बेरीज नेली, तर उरलेल्या दोन कामी येतील.

'बेरजेची वेळ' हे फील्ड काढून टाकलं. तीच माहिती आता लॉगच्या एका ओळीत जाते.

खास खात्याबद्दल थोडं. इश्यूमॅनेजरला ज्या वापरकर्त्याचं नाव द्याल, हिस्टरीत तेच उमटतं. इथे 'बेरीज-स्क्रिप्ट' नावाचं खातं केलं, म्हणजे कुणा माणसावर आळ नको. इश्यूमॅनेजर परवानग्या तपासत बसत नाही. त्या तपासणारी 'इश्यूसर्व्हिस' वेगळी आहे आणि एरवी मी तिचाच आग्रह धरतो. पण 'एकूण तास' मुद्दामच संपादनाच्या स्क्रीनवर नव्हतं आणि इश्यूसर्व्हिस स्क्रीनही पाहते. ती तपासणी वगळायची सोय तिच्यात आहे. मात्र तपासणीसाठी म्हणून ती घ्यायची आणि मग तपासणीच वगळायची, यात मला अर्थ दिसला नाही.

दुरुस्तीनंतरही न जुळणारी तिकिटं

नवी स्क्रिप्ट चालू करण्याआधी एक वेगळी, फक्त वाचणारी स्क्रिप्ट लिहून घेतली. प्रत्येक विनंतीची बेरीज नव्याने करायची, डेटाबेसमधल्या किमतीशी ताडायची, न जुळणारी तिकिटं लिहून काढायची. काहीही बदलायचं नाही. माझ्या अंदाजाने ही यादी रिकामी यायला हवी होती, कारण आजार इंडेक्सचा होता, डेटाबेसचा नव्हे. यादी रिकामी आली नाही. म्हणजे मूळ दोषाच्या पोटात आणखी दोष होते, आणि ते मेथड बदलून जाणार नव्हते.

पहिला गट असा होता की सब-टास्कचे तास ट्रान्झिशनच्या (तिकिटाची अवस्था बदलण्याच्या) स्क्रीनवर भरले गेले होते. 'अंदाज दिला' या बटणावर एक खिडकी उघडायची, तिथे तास भरायचे. ट्रान्झिशनमधून बदल झाला की 'इश्यू अपडेटेड' सुटत नाही. त्या ट्रान्झिशनच्या पोस्ट-फंक्शनमध्ये (अवस्था बदलल्यावर चालणाऱ्या कृतीत) जो इव्हेंट ठरवलेला असेल तो सुटतो, इथे 'जेनेरिक इव्हेंट'. लिसनर त्याला ऐकतच नव्हता. नवीन सब-टास्क तयार करतानाच तास भरले तर 'इश्यू क्रिएटेड' सुटतो, तोही यादीत नव्हता. दोन्ही जोडले. हे कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात वर्कफ्लोमधलं (अवस्थांच्या आराखड्यातलं) एकेक ट्रान्झिशन उघडून शेवटचं पोस्ट-फंक्शन पाहावं लागलं, कारण एका ठिकाणी कुणीतरी स्वतःचा वेगळाच इव्हेंट लावून ठेवला होता.

दुसऱ्या गटात एखाद्या सब-टास्कचे तास रिकामे होते. ग्रूव्हीमध्ये रिकामी किंमत आणि आकडा यांची बेरीज करायला गेलं की स्क्रिप्ट तिथेच मोडते. वापरणाऱ्याला स्क्रीनवर काहीच दिसत नाही, सब-टास्क आनंदाने सेव्ह होते. चूक फक्त लॉगमध्ये आणि लिसनरच्या पानावर असते. तिकडे कुणी पाहत नव्हतं. याचं उलट टोक म्हणजे एकही सब-टास्क नसलेली विनंती: रिकाम्या यादीची बेरीज ग्रूव्ही शून्य देत नाही, 'नल' (काहीच नाही) देते. दोन्हींना शून्य धरलं. आणि आकड्याचं फील्ड 'डबल' (दशांश आकडा) मागतं, 'इंटिजर' (पूर्णांक) दिला तर नाक मुरडतं, म्हणून बेरीज ठरवून त्या प्रकारात बदलली.

तिसरा गट लहान होता, पण सापडायला सगळ्यात चिवट. एका नव्या सब-टास्क प्रकाराचे तास कधीच धरले जात नव्हते. फील्डचं नाव बरोबर, किंमत भरलेली, तरी बेरजेत शून्य. जिरामध्ये एकाच नावाची दोन कस्टम फील्डं असू शकतात. दुसऱ्या कामासाठी कुणीतरी आणखी एक 'अंदाजे तास' बनवलं होतं, आणि स्क्रिप्ट नावाने शोधून पहिलं सापडेल ते उचलत होती. आता नाव नाही, फील्डचा आयडी. दुसऱ्या फील्डचं नाव बदललं.

सब-टास्क हटवली तर काय, यावर बरीच चर्चा झाली. हटवण्याचा इव्हेंट पकडून त्यातून मुख्य तिकीट शोधत बसण्यापेक्षा आम्ही हटवण्याची परवानगीच काढली. नको असलेल्या सब-टास्कचे तास शून्य करायचे आणि ती बंद करायची. कोड कमी, शिवाय मागे खूण राहते.

जुन्या तिकिटांचं काय करायचं

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात नाजूक निर्णय हा होता. नवी स्क्रिप्ट पुढच्या बदलांपुरती बरोबर. मागच्या वर्षभराच्या तिकिटांचं काय?

सहज सुचणारा मार्ग: सगळ्या विनंत्यांवर नवी स्क्रिप्ट एकदा फिरवा. तो घेतला असता तर जिथे किंमत बरोबर होती तिथे स्क्रिप्टने काही लिहिलंच नसतं आणि इंडेक्स शिळाच राहिला असता. जिथे किंमत चुकीची होती त्या तिकिटांची 'अपडेटेड' तारीख मात्र बदलली असती. 'तीस दिवसांत हात न लागलेल्या विनंत्या' असं एक फिल्टर सपोर्टच्या टीमचं रोजचं हत्यार होतं. त्यातून ती तिकिटं एका रात्रीत गायब झाली असती. वेबहुकने ग्राहकाच्या प्रणालीवर एकाच वेळी बातम्यांचा मारा केला असता. मेलच्या रात्रीनंतर तो प्रसंग कुणालाच नको होता.

तपासणी-स्क्रिप्टची यादी इथे पुन्हा उपयोगी पडली. बहुतेक जुन्या तिकिटांत डेटाबेसमधली किंमत बरोबरच होती, शिळा फक्त इंडेक्स. त्यांच्यावर काही लिहिण्याची गरजच नव्हती, नुसतं री-इंडेक्स पुरे. त्याने ना तारीख बदलते ना इव्हेंट सुटतो. ते एका रात्री केलं.

किंमतच चुकीची असलेल्यांपैकी चालू विनंत्या थोड्या थोड्या करून नेहमीच्या मार्गाने, म्हणजे हिस्टरी आणि वेबहुकसकट, दुरुस्त केल्या. ग्राहकाला त्याआधी मेल पाठवला. बंद झालेल्या आणि बिल निघालेल्या विनंत्यांना हात लावायचा नाही असं ठरलं. त्यावर प्रोजेक्ट मॅनेजर नाराज होता, त्याला सगळं 'क्लीन' हवं होतं. बिलिंगच्या मॅडमनी त्याला थांबवलं: ज्या आकड्यावर बिल गेलं तो तिकिटावर आज दुसराच दिसला तर पुढच्या ऑडिटमध्ये उत्तर मलाच द्यावं लागेल. त्या तिकिटांची यादी खऱ्या आणि नोंदलेल्या आकड्यांसह त्यांच्या फाइलमध्ये गेली. मला त्यांचं म्हणणं पटलं.

परिणाम

नवी स्क्रिप्ट सुरू झाल्यापासून तिकीट आणि फिल्टर यांच्यात फरक दिसलेला नाही. वाचणारी तपासणी-स्क्रिप्ट रोज रात्री चालते आणि काही सापडलं तरच टीमला कळवते. एकदा तिने कळवलंही: वर्कफ्लोमध्ये नवं ट्रान्झिशन जोडणाऱ्याने लिसनरच्या यादीत नसलेला इव्हेंट निवडला होता.

मंजुरीविना सुरू झालेल्या विनंत्यांपैकी बऱ्याचशांना ग्राहकाने मागाहून मंजुरी दिली. जिथे दिली नाही तिथले चाळिसावरचे तास कंपनीने सोडून दिले. हिस्टरी उपलब्ध असती तर त्यातल्या काहींवर बोलणी करता आली असती, असं मॅनेजरचं मत आहे. मला तितकी खात्री नाही. मंजुरी न घेता काम केलं हे हिस्टरीने बदललं नसतं.

काय वेगळं करता आलं असतं

चाचणीच्या सर्व्हरवर हा दोष कधीच का दिसला नाही, हे तपासायला हवं होतं आणि ते फार उशिरा तपासलं गेलं. चाचणीचा सर्व्हर दर महिन्याला मुख्य डेटाबेसची प्रत घेऊन तयार व्हायचा. अशी प्रत चढवली की री-इंडेक्स करावंच लागतं. म्हणजे शिळ्या इंडेक्सचा दोष त्या सर्व्हरवर पोहोचायच्या आधीच पुसला जात होता. जुनी तिकिटं उघडून पाहणाऱ्याला तिथे सगळं ठीकच दिसणार. दोष पाहायचा तर तिथे सब-टास्क बदलून, मुख्य तिकिटाला हात न लावता, लगेच जेक्यूएल चालवून पाहावं लागतं. शिवाय चाचणीच्या सर्व्हरवर बाहेर जाणारे मेल बंद आणि वेबहुक काढलेले, जे योग्यच आहे. पण त्यामुळे अपडेटइश्यूचा नवा बदल तिथे चालवून पाहणाऱ्याला मेलचा पूर दिसला नसता. चाक फिरत राहिलेलं मात्र नक्की दिसलं असतं. तो बदल तिथे चालवलाच नव्हता, थेट मुख्य सर्व्हरवर गेला होता.

'चाळीसपेक्षा कमी' यादीतल्या ५२ च्या स्क्रीनशॉटवर कुणी पाच मिनिटं थांबलं असतं तर बरेच दिवस वाचले असते. एकाच पानावर दोन आकडे एकमेकांशी भांडत असतील तर ते दोन ठिकाणांहून येत आहेत, आणि पहिला प्रश्न ती ठिकाणं कोणती हा असायला हवा. बेरीज तपासण्याची पाळी त्यानंतरची. पूर्ण री-इंडेक्सनंतर तिकीट बंद करणं हीसुद्धा निसटलेली संधी. री-इंडेक्सने बरं वाटलं ही निदानाची ओळ होती, ती उपायाच्या रकान्यात लिहिली गेली.

क्लाउडवर (जिरा बनवणाऱ्या अटलॅसियनच्या सर्व्हरवर चालणाऱ्या आवृत्तीवर) जायचं तेव्हा यातलं बरंचसं नव्याने ठरवावं लागेल. अटलॅसियनने डेटा सेंटरची शेवटची तारीख २८ मार्च २०२९ जाहीर केली आहे, त्यामुळे हा प्रश्न टळणारा नाही. क्लाउडमध्ये स्क्रिप्ट जिराच्या पोटात चालत नाही, रेस्ट एपीआय या जोडमार्गाने बाहेरून बोलते. अपडेटव्हॅल्यू आणि अपडेटइश्यू या दोन्ही मेथड तिथे नाहीत. हिस्टरी आणि इंडेक्स जिराच सांभाळतं, मेल दाबायची सोय आहे, पण ती वापरायला स्क्रिप्टच्या खात्याला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. आणि संपादनाच्या स्क्रीनवर नसलेल्या फील्डमध्ये साध्या खात्याने लिहायला गेलं की 'हे फील्ड योग्य स्क्रीनवर नाही' असं सांगून विनंती परत येते. 'एकूण तास' स्क्रीनवर आणायचं आणि लोकांना हात लावू द्यायचा, की खात्याला जास्त अधिकार द्यायचे, यावर टीममध्ये अजून एकमत नाही. अ‍ॅडमिन पहिल्याच्या बाजूने आहे, बिलिंगच्या मॅडम दुसऱ्याच्या.